सामाईक फाईल आणि आक्का

आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या आक्का कुठलीही यादी खालून वर वाचायच्या. प्रिंटरमधून कागदाची लांबलचक पट्टी बाहेर पडली, की त्या ती टेबलावर पसरायच्या, शेवटच्या नावाखाली लाकडी फूटपट्टी ठेवायच्या आणि एकेक ओळ वर सरकत जायच्या. सेंटरच्या मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांना या वाचण्याचा वैताग यायचा. "अहो आक्का, गिऱ्हाईक वरनं वाचतंय आणि तुम्ही खालनं काय वाचत बसता?" असं ते म्हणायचे. आक्का फूटपट्टी न हलवता उत्तर द्यायच्या, "वरच्यांचं कसं बी निभतंय साहेब. चूक झाली की पडतोय तो खालचा."

मी तिथं लागलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. सेंटर बेळगावच्या खासबागेत होतं, एका विणकराच्या घराच्या माडीवर. खाली दिवसभर यंत्रमाग चालायचे आणि वर आमचे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सहा माणसं. मागांच्या दणक्यानं फ्लॉप्यांचा डबा टेबलावर हळूहळू कडेला सरकायचा, म्हणून आक्कांनी त्याच्याखाली गोधडीचा तुकडा घातला होता. शाळांचे निकाल, वाचनालयांच्या याद्या, प्रवेशाच्या निवड याद्या अशी कामं आमच्याकडं यायची. मी कडोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. गावात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला मी पहिलाच, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. पहिल्याच दिवशी मी आक्कांना त्यांच्या प्रोग्राममधल्या दोन ओळी जास्तीच्या आहेत असं सांगितलं. त्यांनी ओळी पाहिल्या, खोडल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. नाव काय तुझं? परशराम? मग परशाच म्हणते मी."

आक्का निपाणीच्या. दीक्षा घेतलेलं बौद्ध घर, वडील लहानपणीच गेलेले, आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर. शाळेच्या सुट्टीत आक्काही आईबरोबर जायच्या. तिथला तंबाखूचा खकाणा त्यांच्या छातीत कायमचा राहिला होता. बोलता बोलता थांबून, तोंडाला पदर लावून त्या खोकायच्या आणि सोडलेल्या शब्दापासून पुढं बोलायच्या. गणित घेऊन बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केले. मुलाखतीला बोलावणं यायचं, आडनाव विचारलं जायचं आणि "कळवतो" म्हणून सांगितलं जायचं. "सात ठिकाणी कळवतो म्हणाले," त्या एकदा सांगत होत्या. "आठव्या ठिकाणी, म्हंजे हितं, साहेबांनी आडनाव इचारलं न्हाय. मिनटाला किती कार्डं मारशील एवढंच इचारलं." म्हणून साहेबांबद्दल त्या कधी वाईट बोलत नसत, पुढं जे झालं त्यानंतरसुद्धा.

कार्डं मारणं म्हणजे सत्तरच्या दशकातलं पंचिंग. बेळगावात तेव्हा आमच्यासारख्यांना परवडेल असं मशीन नव्हतं. इथं कार्डांवर भोकं पाडायची, खोके एस.टी.वर चढवायचे आणि पुण्याला जाऊन तिथल्या मोठ्या मशीनवर ठरल्या वेळेत चालवून घ्यायचे. एकदा आक्का चार खोके घेऊन गेल्या. टक्केवारी काढण्याचा भाग त्यांच्या कार्डांत नव्हता, तो पुण्याच्या मशीनवरच ठेवलेला असे आणि तोच वापरायचा असं ठरलेलं होतं. मधल्या काळात तिथल्या कुणीतरी तो बदलला होता. निकाल भलताच आला. तिथला माणूस म्हणाला, तुमचीच कार्डं चुकली असतील. वेळ संपली आणि आक्का चार खोके घेऊन तशाच परत आल्या. "तवापासनं ठरवलं," त्या म्हणायच्या, "जे लागतंय ते संगट न्यायचं. दुसऱ्याच्या घरात आपली वस्तू जाग्यावर असंल, असं धरून जायचं न्हाय."

आमचं पहिलं भांडण याच मुद्द्यावर झालं. टक्के काढणं, जन्मतारखेवरून वय काढणं, नाव नीट मांडणं ही कामं आमच्या सगळ्याच प्रोग्रामांना लागायची. ती एकदाच लिहून ठेवलेली होती. त्या संचाला आम्ही लायब्ररी म्हणायचो. प्रश्न असा, की प्रोग्राम तयार करतानाच ही लायब्ररी त्याच्या पोटात जोडून टाकायची, की ती एका वेगळ्या फाईलीत ठेवायची आणि चालू झाल्यावर प्रत्येक प्रोग्रामनं तिच्यातून हवं ते उचलायचं. पहिल्या तऱ्हेला आता स्टॅटिक म्हणतात, दुसरीला डायनॅमिक. आमच्या माडीवर 'आतलं' आणि 'बाहेरचं' एवढेच शब्द होते. आक्कांचं सगळं आतलं. प्रत्येक प्रोग्राम आपला पूर्ण, कुणावर न अवलंबणारा, पण त्यामुळे बोजड. एका फ्लॉपीवर दोन मावायचे, तिसरा बसायचा नाही. मला हे अडाणीपणाचं वाटायचं. तोच तुकडा अकरा प्रोग्रामांच्या पोटात अकरा वेळा कशाला कोंबायचा?

मला बोलायला संधी आक्कांच्याच चुकीनं मिळाली. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलांचं वय आमचा हिशोब एका वर्षानं कमी दाखवत होता. ते ध्यानात आल्यावर आक्कांनी दुरुस्ती केली आणि दिवसभर बसून एकेक प्रोग्राम पुन्हा जोडला. दहा झाले. अकरावा एका प्राथमिक शाळेकडं दिलेल्या फ्लॉपीवर होता, तो राहून गेला. जूनमध्ये त्या शाळेनं एका मुलाला सहा वर्षं पुरी नाहीत म्हणून पहिलीतून परत पाठवलं. मुलाचा बाप आधी शाळेत भांडला, मग आमच्या माडीवर येऊन भांडला. तासाभरात दुरुस्त फ्लॉपी गेली आणि पोराला शाळेत घेतलं. पण आक्कांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

"बाहेरची फाईल असती तर एका जागी दुरुस्त करून सगळ्यांना लागू झालं असतं," मी म्हणालो. बोलण्यात थोडी फुशारकी होतीच.

"व्हय. आणि एका जागी बिघडलं असतं तर?"

"तर एका जागीच सुधारायचं."

"बिघडल्याचं कळाय तर पायजे की रं," आक्का म्हणाल्या आणि खोकल्या.

चार-पाच दिवसांनी एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुझं बी खरं हाय, परशा. माझ्या तऱ्हेत जुनी चूक मरत न्हाय, कुठंतरी जित्ती ऱ्हाती. कर तू सामाईक फाईल. पण एक सांगते. अजिबात चुकत न्हाय अशी कुठलीच तऱ्हा नसती. कुठली चूक आपल्याला पेलंल, ते बघून तऱ्हा निवडायची असती." त्यांनी एक जाड रजिस्टर आणून ठेवलं. सामाईक फाईलीला हात लावायचा तर आधी त्यात लिहायचं: काय बदललं, कुणासाठी बदललं, आणि ती फाईल कुठकुठले प्रोग्राम वापरतात. मग ते सगळे प्रोग्राम एकदा चालवून बघायचे आणि पुढं सही करायची. मी मान डोलावली. मला जिंकल्याचा आनंद झाला होता. रजिस्टरकडं मी नीट पाहिलंही नाही.

वर्षभर सगळं छान चाललं. फ्लॉप्या निम्म्यावर आल्या, दुरुस्त्या चुटकीसरशी व्हायला लागल्या, साहेब मला गिऱ्हाइकांसमोर 'आमचा हुशार मुलगा' म्हणू लागले. पुढच्या जुलैत आक्कांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं आणि आक्का दोन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. त्याच सुमाराला एका हायस्कूलचा निरोप आला: निकालपत्रकावर अपूर्णांक नकोत, टक्के पूर्णांकात द्या. त्यांच्या प्रोग्राममध्ये ते करायला चार ठिकाणी हात घालावा लागला असता. सामाईक फाईलीत एकच ओळ बदलायची होती.

तो शुक्रवार होता. कडोलीत भाताची लावण चालू होती आणि अण्णांनी, माझ्या थोरल्या भावानं, निरोप धाडला होता की माणसं मिळंनात, रोप वाळाय लागलंय, तू सांजच्या गाडीनं ये. मी ती एक ओळ बदलली. रजिस्टरात नोंद केली. फाईल वापरणाऱ्या प्रोग्रामांची नावंसुद्धा ओळीनं लिहिली. शेवटचं नाव होतं 'टी.सी.एच. निवड यादी'. त्या नावांतला फक्त हायस्कूलचा प्रोग्राम चालवून पाहिला, बरोबर चालला. उरलेल्यांच्या पुढं मी नुसत्या सह्या केल्या आणि पळत जाऊन गाडी पकडली.

टी.सी.एच. म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायचा कोर्स. एका शिक्षणसंस्थेच्या कॉलेजात मुलींसाठी चाळीस जागा होत्या आणि निवड यादी आम्ही काढायचो. मंगळवारी ती यादी मीच काढली. कॉलेजच्या बोर्डावर लागायच्या यादीत टक्के नसत, नुसती नावं आणि क्रमांक असत, म्हणून बघणाऱ्या कुणालाच काही खटकलं नाही. टक्क्यांसकट असलेली प्रत आमच्या फाईलला लावायची असे. ती मी न वाचता लावली.

आक्का परत आल्या. आईच्या डोळ्याला फारसा गुण आला नव्हता आणि त्या आणखी गप्प झाल्या होत्या. थंडीच्या दिवसांत एकदा जुने कागद लावता लावता त्यांच्या हाताला ती यादी लागली. खालचा माग बंद होता, वीज गेली होती, त्यामुळे माडीवर शांतता होती. "परशा, हिकडं ये," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "टी.सी.एच.ला एवढ्या पोरींना पुरे एकसष्ट टक्के पडले व्हय रं? पॉईंटच्या पुढं समद्यांनाच शून्य?"

मी कागदाकडं पाहिलं. आक्कांनी रजिस्टर उघडून माझी त्या शुक्रवारची नोंद आणि पुढच्या सह्या वाचल्या.

पुढच्या दोन दुपारी आक्कांनी मूळ अर्जांवरचे गुण घेऊन प्रत्येक मुलीचे टक्के हातानं काढले. मी समोर बसून आकडे वाचून दाखवत होतो. बहुतेक मुलींना फरक पडला नव्हता, निवड झालेल्यांची नुसती जागा मागंपुढं झाली होती. फक्त तळाला, चाळिसाव्या जागेवर, घोळ झाला होता. एका मुलीला एकसष्ट पूर्णांक सतरा होते, दुसरीला एकसष्ट पूर्णांक त्र्याऐंशी. माझ्या त्या ओळीनं पॉईंटच्या पुढचं नुसतं कापून दोघींना सारखंच एकसष्ट केलं होतं. टक्के सारखे असले तर आधी आलेला अर्ज वर, असा नियम होता. जिला जास्त टक्के होते तिचा अर्ज उशिरा आला होता. ती यादीबाहेर राहिली. तिचं नाव रेणुका, गाव काकती.

आक्का साहेबांकडं गेल्या. मी दाराशी उभा होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "आता काय करायचं आक्का? निम्मं वर्ष सरलं. जी बसलीय तिला उठवायची का? आणि संस्थेला कळलं तर काम जाईल. माडीवर सहा जणांची पोटं आहेत." हे खोटं नव्हतं, आणि आक्काही वाद घालत बसल्या नाहीत. "त्या पोरीला तर सांगाय पायजे," एवढंच म्हणाल्या. ओळ कुणी बदलली हे साहेबांनी विचारलं नाही. आक्कांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

रविवारी आम्ही दोघं सिटी बसनं काकतीला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. एक बाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आम्हाला पंचायतीची माणसं समजून ती "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत उठली. आक्का तिच्याशी कानडीत बोलू लागल्या, तेव्हा तिनंच आमचं दोघांचं आपसातलं बोलणं ऐकून मराठी धरली.

"रेणुका हाय का घरात?" आक्कांनी विचारलं.

"ती कुठली आता हितं? दिवाळी झाल्यावर लगीन झालं तिचं. गोकाककडं दिलीया."

"शिकत हुती न्हवं?"

"शिकत हुती की. बाई व्हायचं म्हणत हुती, साळंतली बाई. बोर्ड बघाय चारदा जाऊन आली. नाव लागलं न्हाय. मग तिचा बा म्हणला, आता कशाला ठिवायची."

आक्कांनी आडवळण घेतलं नाही. "तिचं नाव लागाय पायजे हुतं. तिला मार्क हुते. चूक आमच्याकडनं झाली. त्येच सांगाय आलोय."

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे पोरीला जागा हुती?"

"व्हय."

तिनं शेंग सुपात टाकली. मग माझ्याकडं नाही, आक्कांकडंच बघून म्हणाली, "तीन दिस जेवली न्हवती ओ ती. आणि म्या तिला काय म्हणलं ठावं हाय? तुझ्याच डोक्यात न्हाय तर कुणाला दोष द्यायचा, आसं म्हणलं."

मला तिथं उभं राहवेना. कुंपणाशी जाऊन मी रस्त्याकडं बघत राहिलो. मागून बाईचा आवाज येत होता. "आता सांगून मी काय करू बाई? तिला नका सांगू. कशीबशी नांदाय लागलीया. कळलं तर ना हिकडची ऱ्हाईल, ना तिकडची."

परतीच्या बसची वाट बघताना आक्कांनी विचारलं, "त्या शुक्रवारी लावणीला गेलतास?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

त्याच आठवड्यात आक्कांनी मला सांगून संस्थेला पत्र लिहिलं. चूक कशी झाली, कुठल्या मुलीची जागा गेली, हे सगळं होतं आणि शेवटी 'या विभागाची प्रमुख म्हणून जबाबदारी माझी आहे' असं लिहून सही होती. माझं नाव कुठंच नव्हतं. संस्थेनं आपलं सगळं काम काढून घेतलं. साहेबांनी आक्कांना बोलावलं आणि आता तुम्हाला ठेवता येणार नाही असं सांगितलं. दार उघडं होतं. माझं टेबल दाराशीच होतं. मी एका वाचनालयाच्या पुस्तकांची नावं कॉम्प्युटरवर भरत होतो. आत हे बोलणं चालू असताना माझी बोटं थांबली नाहीत, हे मला चांगलं आठवतं. उठून आत जायला पाच पावलं पुरली असती. नोकरी, गावातला मान, धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न असं सगळं मनात मोजत मी पुस्तकांची नावं भरत राहिलो.

आक्का बाहेर आल्या, आपली फूटपट्टी आणि डबा पिशवीत घातला, सगळ्यांना "येते रं, येते गं" म्हणाल्या. मी जिन्यापर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, "ते रजिस्टर नीट ठेव." मी "व्हय आक्का" म्हणालो. खाली माग चालू होते, त्यामुळे त्यांच्या पावलांचा आवाज दोन पायऱ्यांच्या पुढं ऐकू आला नाही.

त्यानंतर मी सामाईक फाईल मोडली आणि सगळं पुन्हा आतलं केलं. अकरा प्रोग्राम, अकरा वेळा. साहेबांना वाटलं मला शहाणपण आलं. मला आली होती ती भीती. वर्षभरानं नाव मांडण्याच्या भागात एक चूक सापडली आणि ती दुरुस्त करताना मीही एक प्रोग्राम विसरलो. त्या दिवशी आक्कांची इतकी आठवण आली, की रविवारी उठून निपाणीला गेलो.

आक्का आईसोबत दोन खोल्यांत राहत होत्या. बाहेरच्या खोलीत वखारीतल्या बायकांच्या मुलींना गणित शिकवायच्या. भिंतीवर खडूनं त्रैराशिक मांडलेलं होतं. आक्का वाळल्या होत्या, आणि खोकला आता वाक्यामध्ये नव्हे तर शब्दामध्ये येत होता. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. चहा झाला, कडोलीची चौकशी झाली, बहिणीचं लग्न कसं झालं हे विचारून झालं. मग त्यांनी आपणहून सांगितलं, की संस्थेनं पुढच्या वर्षी रेणुकाला जागा द्यायचं कबूल केलं होतं आणि ते पत्र घेऊन त्या स्वतः तिच्या सासरी गेल्या होत्या.

"सासऱ्यानं बसाय घोंगडं टाकलं, च्या दिला, आणि आमच्यातल्या बाया नोकरी करत न्हाईत म्हणाला. पोरगी दाराआड उभी हुती. मी उठल्यावर भाईर आली आणि एकच इचारलं, मला किती टक्के हुते? म्या सांगितलं, एकसष्ट पॉईंट त्र्याऐंशी. तिनं मान हलवली आणि आत गेली." आक्का खोकल्या. "तिच्या आईनं नको म्हणलं हुतं. पर तिचं जे हुतं ते तिला कळाय पायजे हुतं. का चुकलं माझं, परशा?"

मी मान खाली घालून म्हणालो, "आक्का, ती ओळ मी बदलली हे साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही. कुणालाच नाही."

"म्हाईत हाय मला."

"तुम्ही पत्रात माझं नाव का घातलं नाही?"

आक्का भिंतीवरच्या गणिताकडं बघत म्हणाल्या, "पत्र लिवून दोन दिस पिशवीत ठेवलं हुतं मी. सहीच्या खाली जागा सोडली हुती. वाटलं, तू येशील, म्हणशील, आक्का, माझं बी नाव घाला. दोन दिस तुझ्या टेबलावरनं येत-जात हुते. मग टाकलं पेटीत."

रागावून म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते नुसतं सांगितलं. मग "जेवून जा, भाकरी टाकते," म्हणून त्या आत गेल्या. मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला पत्र लिहिलं, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, "आता कशाला उकरून काढतोस?" संस्थेकडून महिन्यानं दोन ओळी आल्या: सदर प्रकरण मागेच निकाली निघालेले असून संबंधित कर्मचारी कामावरून कमी झालेली आहे, सबब आणखी पत्रव्यवहाराची आवश्यकता नाही. तो कागद आक्कांना दाखवावा असं मनात होतं, पण त्यात दाखवण्यासारखं काय होतं? आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहिलो. मग शेजारच्या कुणाच्या तरी हातचं कार्ड आलं, की आक्का गेल्या.

मी पोचलो तो तिसरा दिवस होता. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती, तीन-चार बायका बसल्या होत्या. आई भिंतीला टेकून होती. तिला आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"कोण आलं?"

"मी परशराम. आक्कांच्या ऑफिसातला. बेळगावचा."

"या बाबा," ती म्हणाली आणि हातानं चाचपून मला जवळ बसवलं. माझा हात तिनं सोडला नाही. तंबाखू चाळून चाळून तिचे तळवे लाकडासारखे झाले होते. "तू तिच्या हाफिसातला, मग तुला ठावं असंल. माझी पोरगी एवढी शानी. हिशोबाला कधी चुकायची न्हाय. तिच्या हातनं काय झालं रं, म्हणून काढली तिला? मला कधी नीट बोलली न्हाय. माझी चूक हुती म्हणायची आणि गप बसायची."

खोलीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"त्यांची चूक नव्हती," मी म्हणालो. "माझी होती. मी केलेली चूक त्यांनी अंगावर घेतली."

म्हातारीनं माझा हात दोन वेळा थोपटला.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "मयताच्या घरात आलेली समदी मानसं आसंच बोलत्यात." आणि आतल्या बाईला तिनं हाक मारून सांगितलं, पाव्हणा बेळगावासनं आलाय, त्याला पाणी दे.